आमच्या घरात कुठलं!

थोरली बोलायला लागली की समोरच्याचा हात आपोआप खिशात जायचा. सकाळपासून निम्म्या बाजाराला तिनं असा खिशात हात घालायला लावला होता. तिच्या मागं धाकटी जाऊ वर्गणीची पेटी धरून उभी होती. पेटीवरची अक्षरं धाकटीचीच: 'टीबी बरा होतो. लपवू नका.'

"रविवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे," थोरली किराणा दुकानदाराला सांगत होती. "डॉक्टर येणार आहेत. शिवाय टीबीतून पूर्ण बरी झालेली एक बाई स्वतः उभी राहून बोलणार आहे. लपवण्यात काय अर्थ आहे, तुम्हीच सांगा!"

"अगदी बरोबर." दुकानदारानं नोट पेटीच्या फटीपर्यंत आणली आणि तिथंच थांबवली. "ही बाई कोण म्हणायची? तुमच्या घरातली तर नाही ना? नाही, आपलं विचारलं. तुमच्या घरची बिस्किटं माझ्याकडे विकायला असतात, म्हणून."

गल्ल्याशेजारच्या बरणीत तळाला थोडीच बिस्किटं उरली होती.

"छे हो!" थोरली चटकन हसली. "आमच्या घरात कुठलं!"

नोट आत पडली. वर दुकानदारानं उद्यासाठी जास्तीची बिस्किटंही सांगितली. धाकटी बरणीकडे बघत होती.

बाहेर आल्यावर थोरलीचे कान तापले. "लाज कसली गं, तू काय चोरी केलीस?" असं म्हणून धाकटीला भाषणासाठी तयार करणारी तीच होती. कार्यक्रमाची कल्पनाही तिचीच. आणि आज भर दुकानात तिनंच धाकटीला पुसून टाकलं होतं. शरमेनं तिला मान वर करवेना.

"अगं, तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "घर चालतं ना त्या बिस्किटांवर."

"माहितीये, ताई." धाकटीनं पेटी तिच्या हातात दिली. "तुमचा घसा बसला असेल. आता मी बोलते."

पुढचं दुकान चपलांचं होतं. धाकटी छान बोलली, अगदी थोरलीच्या थाटात. 'डॉक्टर येणार आहेत' इथपर्यंत आली आणि थांबली. थोरली पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.

"नुसतेच डॉक्टर?" चपलावाल्यानं विचारलं. "बरं झालेलं कुणी बोललं असतं तर लोकांना पटलं असतं."

"होती एक," धाकटी म्हणाली. "पण तिच्या घरात कुणाला टीबी झालाच नव्हता म्हणे."

चपलावाल्याला काही उमगलं नाही. तो नोट घेऊन थोरलीकडे वळला.

"काय लिहिलंय पेटीवर? बघू."

थोरलीनं पेटी छातीशी घट्ट धरली होती. अक्षरं आतल्या बाजूला होती.