वाटाण्याचे राखणदार

सहा घड्याळं वाजून दमली, तरी ससा जागचा हलला नाही. वाटाण्याच्या वाफ्यात बसून त्याने एक कोवळा शेंडा खुडला. कान टवकारून सातव्या घड्याळाची वाट पाहिली. तेही वाजल्यावर तो निवांतपणे पुढच्या रोपाकडे वळला. शेजारच्या तीन घरांतले दिवे मात्र लागले.

खिडकीत बसलेल्या घड्याळजीच्या बायकोला हसू आलं. तिने ते गिळलं. हल्ली हसायचीही तिला भीती वाटायची.

नवऱ्यावर कसलंही संकट आलं की त्याचा हात आधी घड्याळाकडे जायचा. दुकानात कोणी परत न्यायला न आलेली गजराची घड्याळं त्याने वाफ्यात ओळीने मांडली होती, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने वाजतील अशी. त्याआधी रिकामे डबे बांधून झाले होते. तिखटाचं पाणी शिंपडून झालं होतं. जाळी लावली, तर सशांनी खालून रस्ता काढला.

खरं तर बाग तिची. वीस वर्षं तिथे दुसऱ्या कोणाची लुडबुड तिने चालू दिली नव्हती. मग दुखणं निघालं, बाटल्यांमागून बाटल्या चढल्या, आणि कमरेपर्यंतचे केस दहा-बारा दिवसांत मुठीमुठीने हातात आले. आता ते उपचार संपून तीन महिने झाले होते. तपासण्या दोनदा चांगल्या आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जा आता, बागेत हात घाला. ती घरी आली आणि खिडकीत बसली. स्वतःच्याच घरात ती पाहुणी असल्यासारखी वागायची. चांगल्या चपला नणंदेला देऊन टाकल्या. नवरा कधी 'पुढच्या वर्षी' असं काही बोलायला लागला की ती उठून आत जायची. शेवटी त्याने ते दोन शब्दच सोडले आणि एकट्याने वाटाणा पेरला. नको तितका दाट पेरला, वरवर पेरला, तरीही तो उगवला. आता तो कोणी खातंय हे तिला बघवत नव्हतं, आणि वाचवायला जायचं म्हणजे पुन्हा जीव लावायचा. त्याचीच तिला धास्ती होती.

सकाळी नणंद आली ती तोंड सोडतच.

"दादा, ती घड्याळं उचल बघू. सगळी गल्ली उठून बसलीये, आणि ससा तेवढा मजेत जेवतोय. सशाला माणसाचा वास नको असतो. न्हाव्याकडून केस आण, फडक्यांत बांध आणि कुंपणाला टांग."

"न्हावी लेकीकडे गेलाय. महिनाभर दुकान बंद."

"मग तुझे घे."

घड्याळजीने डोक्यावरून हात फिरवला. तिथे कित्येक वर्षांत काही उगवलं नव्हतं. नणंद खळखळून हसली, पण तिची नजर वहिनीच्या डोक्याला बांधलेल्या रुमालावर गेली आणि हसणं अर्ध्यातच थांबलं. त्या घरात केसांचा विषय निघत नसे. कपाटाच्या तळाशी उशीचा एक अभ्रा होता, आणि गळलेला केसन्‌केस त्यात होता. एकदा साफसफाईत नवऱ्याने तो अभ्रा नुसता बाजूला सरकवला, तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. ते केस टाकले की आपलं सगळं संपलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने खिडकीतून पाहिलं. वाटाण्याची एकच ओळ उरली होती.

तिने कपाट उघडलं. जमिनीवर फतकल मारून जुन्या चादरीचे तुकडे फाडले आणि अभ्रा मांडीवर रिकामा केला. केसांना अजून तिच्या तेलाचा वास होता. एकेक पुरचुंडी बांधता बांधता ती पोटभर रडली. मग नवऱ्याच्या ढगळ चपला पायात सरकवून, फटक फटक करत, कितीतरी महिन्यांनी बागेत गेली.

पाण्याची झारी घेऊन नवरा बाहेर आला तेव्हा ती शेवटची गाठ मारत होती. एका पुरचुंडीतून एक लांब केस बाहेर आला होता. त्याने तो ओळखला. त्याने झारी खाली ठेवली आणि तो एकेक घड्याळ उचलायला लागला.

चार दिवस ससा दिसला नाही. पाचव्या दिवशी तो कुंपणापाशी आला, नाक हलवत एका पुरचुंडीपाशी घुटमळला आणि आल्या वाटेने परत गेला. खुडलेल्या रोपांना बुडाशी नवे फुटवे येत होते. ती वाफ्याच्या कडेला बसून त्यांच्याशेजारी काटक्या रोवत होती. 'किती दाट पेरलंय, माणसं अशी पेरतात का' हे तिचं तिसऱ्यांदा ऐकवून झालं होतं. नवरा सुतळीचे तुकडे पुढे करत मान डोलावत होता.

"पुरचुंड्यांनी काम केलं म्हणायचं," तो म्हणाला. मग जपून, शब्द तोलत पुढे बोलला, "ह्या वाटाण्यापुरता तरी वास टिकेल."

तिने मातीचा हात पदराला पुसला आणि डोक्याचा रुमाल सोडला. खाली अर्ध्या पेराएवढे केस आले होते, काळे आणि दाट. तिने त्यांवरून एकदा उलटा हात फिरवला.

"यंदाचं भागेल," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी न्हाव्याला आधीच सांगून ठेवा. माझे मी वाढवणार आहे."