मुखवट्याचा तास

"डोळे आधी कापायचे नाहीत," मंजुषाबाई म्हणाल्या. "आधी कपाळ, मग नाक. डोळे शेवटी."

शिरूर कासारच्या त्या विनाअनुदानित शाळेत सातवीची मुलं पुठ्ठ्यांवर वाकली होती. फळ्यावर आफ्रिकेतल्या मुखवट्यांची चित्रं चिकटवलेली : लांब नाक, अरुंद डोळे, गालांवर रेघा. रंगाला गेरू, कोळसा आणि चुना. केसांना सुतळी.

बाईंचं लक्ष राहून राहून फाटकाकडे जात होतं. तिथे ऊसतोडीची गाडी उभी होती, आणि गाडीत एक कोयता अर्धा होता. कोयता म्हणजे जोडी. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. गहिनीनाथ म्हाताऱ्याची बायको बायनाबाई श्रावणात वारली. आता मुकादम बिभीषण तिच्या जागी म्हाताऱ्याची नात रोहिणी मागत होता. तिचे आईबाप आधीच्या गाडीने गेलेले. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची.

मुखवटा घालून करायचं काय, असं युवराजने विचारलं. तिकडे काही गावांत तो घालून नाचतात, बाईंनी सांगितलं. नाचणाऱ्यात गेलेलं माणूस येतं, अशी समजूत आहे.

"मग युवराजला घाला बाई," मागून कुणी म्हणालं. "एखादं शहाणं माणूस येईल त्याच्यात."

वर्ग हसला. रोहिणी हसली नाही.

बिभीषण दारात आला. "पोरगी द्या बाई. लई उशीर झालाय."

"तिचा मुखवटा व्हायचाय."

"म्हातारीच्या जागी घरचंच माणूस पायजे. जोडी पुरी झाल्याबिगर गाडी हलत न्हाई."

"पुरी होईल. तुम्ही गाडीपाशी थांबा."

कारखान्यावर आता मुखवटे घालून ऊस तोडायचा का, असं पुटपुटत तो गेला.

बाईंना एका जागी थांबवेना. या बाकावरून त्या बाकावर गेल्या, कुणाची सुतळी सरळ केली, कुणाची कात्री काढून घेतली. मुख्याध्यापक मोहनराव डोकावले तेव्हा कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. यंदा अनुदान नक्की येतं, असं ते म्हणाले. दरवर्षी म्हणत.

"बाई, मी गेल्यावर माझा मुखवटा कुणाला देणार?" रोहिणीने हळूच विचारलं.

"कुणाला नाही. गेरू नीट कालवायला शिक. उद्या सगळ्यांना तूच कालवून द्यायचास."

बाहेर हॉर्न वाजला. रोहिणी दप्तर घेऊन उठली. बाईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं, हात धुतले, पदर खोचला आणि फाटकाकडे निघाल्या. भांडण बघायला मुलं खिडक्यांना लटकली.

बिभीषण कमरेवर हात ठेवून उभा होता. बाई त्याच्या बाजूने पुढे गेल्या. गाडीच्या चाकावर पाय ठेवून त्यांनी वर गहिनीनाथकडे पाहिलं.

"आबा, हात दे," त्या म्हणाल्या. "आईच्या जागी मी येते."