परतीची तारीख

तुरुंगातून सुटलेल्यांसाठी वाचनवर्ग निघाला, तेव्हा निवृत्त प्राचार्यांनी घरच्या कपाटातली चाळीस पुस्तकं दान केली आणि वर पाऊण तास प्रामाणिकपणावर तोंडाची वाफ दवडली. पुस्तकांना नवी कव्हरं घालायचं काम, वर्गात सगळे ज्याला 'चावी' म्हणत, त्याच्याकडे आलं. कुलपं उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यापायीच चार वर्षं आत काढून आला होता.

पहिल्याच पुस्तकाचं जुनं कव्हर काढलं, तर खाली सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का. चाळीसच्या चाळीस पुस्तकांवर तोच. मागच्या चिठ्ठ्यांवर परत करायच्या तारखा होत्या, पंचवीस वर्षांपूर्वीच्या. तेव्हा चावीला स्वतःच्या चड्डीची नाडीही धड बांधता येत नव्हती.

"आम्हाला निदान कुलूप तरी फोडावं लागतं," तो पुटपुटला. "हा गडी सही करून घेऊन गेला."

पुस्तकं पोत्यात भरून त्याने ग्रंथालयाच्या टेबलावर नेऊन ठेवली. ग्रंथपालबाईंनी आधी शिक्के पाहिले, मग त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"प्राचार्यांच्या घरची आहेत," तो म्हणाला. "तारखा बघा ना."

बाई समजूतदारपणे हसल्या. "असू दे रे. त्यांना कशाला मध्ये ओढतोस? परत आणलीस ना, झालं तर मग."



दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, 'वाचनाने चोर सुधारला, चाळीस पुस्तकं स्वतःहून परत.' खाली फोटो होता प्राचार्यांचा, घरातल्या उरलेल्या दोन भरगच्च कपाटांसमोर काढलेला.