घरच्यांचा मजकूर

पेपरात पानं लावणाऱ्या तिला ऑफिसात सगळे 'भाऊ' म्हणायचे. मिशी होती, आवाज जाड होता, म्हणणारच. ती बाई आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, एका मोठ्या नटीला. ही नटी आधी नट होती. मग तिने सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं, आणि तिला 'तो' म्हणायचं की 'ती', यावर चॅनेलवाले चार वर्षं भांडत बसले. पानं लावणारीने तिला एकदाच पत्र लिहिलं होतं. उत्तराची सुरुवात होती, "माझ्या धाकट्या बहिणीस."

आज दुपारी नटी गेली. ऑफिसात पुन्हा तेच भांडण. शेवटी संपादक मॅडम वैतागल्या, "मेल्यावर तरी सोडा तिला. 'अभिनेत्री' लिहा."

मथळा लावताना हिला रडू आलं, पण बरंही वाटलं.

तासाभरात नटीच्या घरून निधनाची जाहिरात आली. जुनं नाव, मिशीवाला फोटो, 'आमचा लाडका भाऊ'.

"मॅडम, हे बघा ना."

"भाऊ, घरच्यांचा मजकूर आहे. काना-मात्रेलाही हात लावायचा नाही, माहितीये ना तुला?"

तिने ती जाहिरात जशीच्या तशी, बातमीच्या खालीच लावली.

सकाळी घरी चहा पिताना तिच्या दादाने पेपर उघडला. मथळा वाचून तोंड वाकडं केलं, मग खालच्या जाहिरातीवर बोट ठेवलं.

"हे बरं केलं त्याच्या भावाने. शेवटी घरचेच निस्तरतात रे."

"हो दादा," ती म्हणाली. तिलाही घरचं असं दादाशिवाय कुणीच नव्हतं.