कागदावर सुकलेली दलदल

क्रौंचांचा नाच संपला तेव्हा अर्सेनी लुकिच कमरेपर्यंत चिखलात होता. गवताच्या आडोशात त्याचा हा तिसरा दिवस. पाय असल्याची जाणीव कधीच गेली होती, पण फोटो मिळाला होता. मॉस्कोच्या वर्तमानपत्रात तो तीस वर्षं रानाविषयी लिहीत होता आणि असा फोटो त्याला पहिल्यांदाच मिळाला: पंख पसरलेले अकरा क्रौंच आणि त्यांच्या मधोमध, चिखलातून डोकावणारं बुडालेल्या ट्रॅक्टरचं धुराडं. तो एकटाच हसला.

काठावर सामूहिक शेताचे अध्यक्ष गोर्देई कुझ्मिच टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांचे रबरी बूट अर्धे चिखलात रुतले होते.

"काढलात फोटो? कशाचा?"

"तुमच्या दलदलीचा."

"इथे दलदल नाहीये, अर्सेनी लुकिच. आपण बटाट्याच्या शेतात उभे आहोत."

अर्सेनीने खाली पाहिलं. अध्यक्षांच्या बुटाशेजारून एक बेडूक पोहत गेला.

शेवटी वनरक्षक म्हातारी पेलागेया पुढे आली. तिने थर्मासमधला चहा अर्सेनीच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी प्रांतातून हुकूम आला होता: दलदल सुकवा, बटाटे लावा. पहिल्याच दिवशी पहिला ट्रॅक्टर बुडाला. आता आमच्याकडे हुकूम मोडता येत नाही आणि ट्रॅक्टर बुडाला असंही वर कळवता येत नाही. अध्यक्षांनी कळवलं, दलदल सुकली. त्यांना पदक मिळालं. तेव्हापासून दर वसंतात इथे कागदोपत्री बटाटे लावले जातात आणि पानगळीत कागदोपत्रीच गारठून मरतात. बघायला कुणी येत नाही, कारण इथवर येणारा रस्ताही कागदावरच आहे.

"फोटो खुशाल छापा," अध्यक्ष अजिजीने म्हणाले. "फक्त क्रौंच शेतात नाचतायत म्हणा."

"आणि हे पाणी?"

"पाऊस झाला होता म्हणा."

अर्सेनीचा पारा चढला. आजवर त्याने एक अक्षर खोटं छापलं नव्हतं. लोक त्याच्या लेखावर डोळे मिटून विश्वास ठेवत, आणि कुणाच्या पदकापायी तो विश्वास घालवायची त्याची तयारी नव्हती.

"जे पाहिलं तेच छापणार," तो म्हणाला.

"छाप की, बाळा," पेलागेया म्हणाली. "याचं पदक गेलं तर मला काय त्याचं? पण मग वरच्यांना कळेल, दलदल अजून आहे. या वेळी एक नाही, दहा ट्रॅक्टर धाडतील. सुकलेली दलदल पुन्हा सुकवायला कुणी येत नाही, म्हणून तर ही पाखरं जगलीत."

अर्सेनीने पाण्यातल्या क्रौंचांकडे पाहिलं. चहा हातातच गार झाला. मग त्याने फिल्म काढून खिशात खोल ठेवली आणि विचारलं, "पेलागेया तिखोनोव्ना, तुमच्या तळघरात बटाटे उरलेत का?"

पुढच्या आठवड्यात लेख आला. फोटोत अध्यक्ष एक भलामोठा बटाटा घेऊन उभे होते, जुना कोंब अंगठ्याखाली लपवून. खाली सुकवलेल्या दलदलीचं तोंडभर कौतुक होतं. वाचकांनी संतापून पत्रं लिहिली: पाखरं सोडून हा माणूस बटाट्यांच्या नादी कधी लागला? अर्सेनीने पत्रं एकेक करून वाचली. त्याला मनापासून लाज वाटली.

प्रांतातले साहेब मात्र खूश झाले. त्यांनी गोर्देई कुझ्मिचना शेजारच्या आणखी दोन दलदली सुकवायचा हुकूम दिला. अध्यक्षांनी दुपारच्या जेवणाआधीच दोन्ही सुकवल्या.

पुढच्या वसंतात तिथेही क्रौंच उतरले.