वळणदार सही

मुदखेडात रविवारी पाच वाजता मोटारसायकल चोरीला गेली आणि सोमवारी दुपारी पोलिसांनी नरसिंगला उचललं. त्याला दर रविवारी एका संस्थेच्या वर्गात फुकट शिकवणाऱ्या मनिषाताई तावातावानं ठाण्यात गेल्या.

"पाच वाजता तो माझ्या वर्गात होता! त्याचं नाव दिलं कोणी?"

"तुमच्याच संस्थेनं. सकाळी पोरांची यादी मागितली, तर हे दिलं." हवालदारानं वर्गाचं हजेरीपत्रक पुढं सरकवलं. देणगीदारांना कळावं म्हणून ताईंनीच वर ठळक लिहिलं होतं, 'वाईट वळणाला लागू शकणारी मुलं'.

"अहो, यातच त्याची कालची सही आहे!"

"सह्या कोण वाचतंय, ताई? आम्ही मथळा वाचला."

कोपऱ्यातून सुजल्या गालाचा नरसिंग म्हणाला, "तुमीच म्हनलं व्हतं ना ताई, वळणदार सही कुठंबी चालती? हितं न्हाई चालली."