लाल खिडकी

बायको अंबिका गेल्याचा फोन आला तेव्हा अमरेश रेणापूरच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर केसपेपर भरायला शिकवत होता. अंबिका तापाने नांदेडच्या दवाखान्यात दाखल होती. तिथले कॉम्प्युटरही त्यानेच बसवून दिले होते.

माती झाली. सासरे गुरुपादप्पा त्याला घेऊन नांदेडला गेले. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मनिषा सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. इंजेक्शन तिने दिलं होतं.

"माझ्या लेकीला पेनिसिलिन चालत न्हाई, हे लिहून घेतलं नव्हतं का तुम्ही?" म्हातारा कडाडला.

डॉक्टरांनी खुर्ची सरकवली. "अमरेशराव, तुम्हीच बघा."

अमरेशने अंबिकाचं नाव टाकलं. दाखल करताना त्यानेच शेजारी उभं राहून ती नोंद करून घेतली होती.

"नोंद हाय," तो म्हणाला.

"मग सुईआधी औषधाचं नाव टाकताना पडद्यावर धोक्याची लाल खिडकी आली असणार," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, वाचली नाही ना?"

"आलीच न्हाई, सर. लेकराची शपथ."

"म्हणजे कॉम्प्युटर खोटा आणि तू खरी? उद्यापासून येऊ नकोस."

मनिषाने अमरेशकडे पाहिलं. त्याने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"तिला काढू नका," तो म्हणाला. "लहान लेकरू हाय तिला."

गुरुपादप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. "लई मोठं मन हाय पाव्हणं तुमचं. माझं न्हाई एवढं."

मनिषा जिन्यापर्यंत धावत आली आणि त्याच्या पायाशी वाकली. "दादा, खरंच आली नव्हती हो. पण तुम्ही मला वाचवलं."

त्याने पाय मागे घेतले.

उन्हाळ्यात याच दवाखान्यातल्या औषधाच्या दुकानातून फोन आला होता. ती लाल खिडकी सारखी आडवी येते, गिऱ्हाईक खोळंबतं. अमरेश उदगीरला घरी जेवत होता. डाव्या हाताने लॅपटॉप ओढून त्याने खिडकी बंद केली, सगळ्या दवाखान्यासाठी. अंबिका भाकरी वाढत होती. "डॉक्टरला न विचारता?" ती म्हणाली. "त्यांना काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला होता. आता चालू केली तर ती बंद होती हे उघड होईल. खिडकी अजून बंदच आहे.